रंगावरून सामू: रासायनिक दर्शक वापरायला शिकताना

रासायनिक दर्शकाला, म्हणजे सामूनुसार (पीएचनुसार) रंग बदलणाऱ्या रंगद्रव्याला, एकच प्रश्न विचारता येतो: समोरच्या द्रावणाचा सामू तुझ्या पट्ट्याच्या, म्हणजे ज्या टप्प्यात तुझा रंग बदलतो त्याच्या, खाली आहे, वर आहे, की मध्येच कुठे? त्याचं उत्तर तो रंगाने देतो. नवशिक्यांचा बहुतेक गोंधळ दर्शकाकडून याहून जास्त अपेक्षा केल्यामुळे होतो. लाल लिटमस निळा झाला म्हणजे द्रावण तीव्र आम्लारीधर्मी आहे, किंवा फिनॉल्फ्थॅलिन रंगहीन राहिलं म्हणजे द्रावण आम्लधर्मी आहे, असे निष्कर्ष सर्रास काढले जातात आणि दोन्ही चुकीचे असतात. कोणता दर्शक कोणत्या प्रश्नासाठी आहे हे एकदा पक्कं झालं, की तीन-चार बाटल्या आणि एका ड्रॉपरमधून भरपूर माहिती मिळते.

सामू आणि आम्लाचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी

सामू म्हणजेच पीएच. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सोरेन सोरेन्सेन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ही मोजपट्टी मांडली. द्रावणात हायड्रोजन आयनांची संहती किती आहे, ते ही पट्टी लॉगॅरिदमच्या भाषेत सांगते. त्यामुळे सामू ४ असलेल्या द्रावणापेक्षा सामू ३ असलेल्या द्रावणात हायड्रोजन आयन दहापट असतात आणि सामू ५ च्या तुलनेत शंभरपट. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. तापमान वाढलं की हा उदासीन बिंदू खाली सरकतो, ६० अंशांना तो ६.५ च्या आसपास येतो. पाणी तापवल्याने ते आम्लधर्मी होत नाही, फक्त "उदासीन" म्हणजे किती हा आकडा बदलतो. म्हणून चाचणी शक्यतो खोलीच्या तापमानाला आलेल्या द्रावणावरच करा.

आता एक फरक सुरुवातीलाच लक्षात घ्या. ०.१ मोलार (लिटरला ०.१ मोल) हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू १ असतो, तर ०.१ मोलार ॲसिटिक आम्लाचा साधारण २.९. सामूच्या हिशेबाने दोघांत जवळपास ऐंशीपट अंतर आहे. पण दोघांचे सारखेच आकारमान घेऊन त्यांचं उदासिनीकरण केलं, तर सोडियम हायड्रॉक्साइड अगदी तेवढंच लागतं. ॲसिटिक आम्ल दुर्बल असल्यामुळे त्याचे बहुतेक रेणू कोणत्याही क्षणी अखंडच असतात, आम्लारी मिळेल तसतसे ते हायड्रोजन सोडत जातात. या क्षणी मोकळे हायड्रोजन आयन किती आहेत हे सामू सांगतो, आणि एकूण आम्ल किती साठलेलं आहे हे अनुमापन, म्हणजे माहीत संहतीचं द्रावण मोजून घालत जाणं, सांगतं. पट्टी बुडवायची की ब्युरेट (खाली तोटी असलेली मापनळी) उभं करायचं, हे आपल्याला यांतलं काय हवं आहे त्यावर ठरतं.

रंग का बदलतो

दर्शक हा स्वतःच एक दुर्बल आम्ल किंवा दुर्बल आम्लारी असलेला रंगद्रव्याचा रेणू आहे. हायड्रोजन आयन जोडलेला असताना त्याचा रंग एक आणि सुटल्यावर दुसरा. रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी १८९० च्या दशकात दिलेलं हे स्पष्टीकरण आजही सुरुवातीला पुरेसं आहे. (रंग बदलणारा अर्क त्याआधी बराच काळ वापरात होता: रॉबर्ट बॉइल यांनी १६६४ मध्येच व्हायोलेट फुलांचा अर्क आम्लाने लाल आणि अल्कलीने हिरवा होतो हे नोंदवलं होतं.)

प्रत्येक दर्शकाचा एक मध्यबिंदू असतो. तिथे त्याची दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असतात. तिथून साधारण एक एकक खाली गेलो की एक रूप दुसऱ्याच्या दहापट होतं आणि डोळ्याला एकच रंग दिसू लागतो, एक एकक वर गेलो की दुसरा. म्हणूनच बहुतेक दर्शकांचा पट्टा दीड-दोन एककांचा असतो. त्या पट्ट्याबाहेर दर्शक मुका असतो. सामू ११ असो वा १२, फिनॉल्फ्थॅलिन दोन्हीकडे सारखंच गुलाबी दिसतं.

यातून आणखी एक नियम निघतो, तो कधीच मोडू नका. दर्शक स्वतः आम्ल किंवा आम्लारी असल्यामुळे तो जास्त घातला तर तोच द्रावणाचा सामू ढकलतो. १० मिलीला २ थेंब पुरतात. रंग फिका वाटला तर परीक्षानळीमागे पांढरा कागद धरा, पण दर्शक वाढवू नका.

कोणते दर्शक घ्यावेत

पट्टा आणि रंग यांची ही यादी बाकावर चिकटवून ठेवण्यासारखी आहे. पहिला रंग पट्ट्याच्या खालचा, दुसरा वरचा.

- थायमॉल ब्लू: १.२ ते २.८, लाल ते पिवळा. आणि पुन्हा ८.० ते ९.६, पिवळा ते निळा
- मिथिल ऑरेंज: ३.१ ते ४.४, लाल ते पिवळा
- ब्रोमोक्रेसॉल ग्रीन: ३.८ ते ५.४, पिवळा ते निळा
- मिथिल रेड: ४.४ ते ६.२, लाल ते पिवळा
- ब्रोमोथायमॉल ब्लू: ६.० ते ७.६, पिवळा ते निळा
- फिनॉल रेड: ६.८ ते ८.४, पिवळा ते लाल
- फिनॉल्फ्थॅलिन: ८.२ ते १०.०, रंगहीन ते गुलाबी

पुस्तकापुस्तकांत या आकड्यांत एखाद-दुसऱ्या दशांशाचा फरक दिसेल. पट्ट्याच्या कडा शेवटी माणसाच्या नजरेने ठरवलेल्या आहेत, त्यामुळे त्याने घाबरून जाऊ नका.

एकच घ्यायचा असेल तर ब्रोमोथायमॉल ब्लू घ्या. तो उदासीन बिंदूच्या दोन्ही बाजूंना स्पष्ट बोलतो आणि मध्ये सुरेख हिरवा होतो. तीन घ्यायचे असतील तर त्याच्या जोडीला मिथिल ऑरेंज आणि फिनॉल्फ्थॅलिन. लिटमस मात्र माझ्या मते मोजण्याच्या कामाचा नाही. रोसेला जातीच्या दगडफुलापासून मिळणारा हा रंग साधारण ५ ते ८ एवढ्या रुंद पट्ट्यात हळूहळू बदलतो. आम्ल की आम्लारी एवढं विचारायला तो उत्तम, त्यापुढे नाही.

लाल आणि हिरव्या रंगांत फरक करणं ज्यांना जड जातं, त्यांनी पिवळा-निळा बदल देणारे दर्शक निवडावेत. मिथिल ऑरेंजचा लाल-नारिंगी-पिवळा प्रवास तर चांगल्या नजरेलाही चकवतो. त्यात झायलीन सायनॉल हा निळा रंग मिसळलेला प्रकार मिळतो. तो आम्लात जांभळट, मध्यावर करडा आणि वर हिरवा दिसतो, आणि तो करडा क्षण पकडणं बरंच सोपं जातं.

तयारी

चष्मा आणि हातमोजे घालूनच सुरुवात करा. आम्ल विरल करायचं असेल तर नेहमी पाण्यात आम्ल, थोडं थोडं, ढवळत. सोडियम हायड्रॉक्साइड डोळ्यांसाठी आम्लाहूनही घातक ठरू शकतं, ते हलक्यात घेऊ नका. अल्कोहोलमध्ये बनवलेले दर्शक ज्योतीपासून दूर ठेवा. फिनॉल्फ्थॅलिन एके काळी रेचक म्हणून विकलं जायचं, पण प्राण्यांवरच्या अभ्यासांतून कर्करोगाची शंका आल्यावर अनेक देशांत ते औषधांतून काढलं गेलं. त्याची पूड उडवू नका, तोंडाशी नेऊ नका.

द्रावणं तयार मिळतात. स्वतः करायची असतील तर मिथिल ऑरेंज ०.१ ग्रॅम घेऊन १०० मिली पाण्यात विरघळवा. फिनॉल्फ्थॅलिन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून १ ग्रॅम आधी ५० मिली इथेनॉलमध्ये विरघळवून मग ५० मिली पाणी घाला. ब्रोमोथायमॉल ब्लू ०.१ ग्रॅम, १०० मिली निम्मं इथेनॉल-निम्मं पाणी या मिश्रणात. बाटलीवर नाव, प्रमाण आणि तारीख लिहा.

पहिली पायरी: पट्टी नीट वाचणं

सामूच्या पट्ट्यांवर एकापेक्षा अधिक दर्शक बसवलेले असतात. वैश्विक दर्शकाची बाटलीही अशाच मिश्रणाची असते. ० ते १४ वाली पट्टी साधारण एका एककापर्यंत सांगते. अरुंद पट्ट्याच्या पट्ट्या अर्ध्या एककापर्यंत किंवा त्याहून बारीक जातात, पण आपला सामू त्या पट्ट्यात आहे हे आधी माहीत असावं लागतं. म्हणजे आधी रुंद, मग अरुंद.

१. डब्यातून एकच पट्टी कोरड्या हाताने काढा, रंगाच्या चौकटीला बोट लावू नका, झाकण लगेच बंद करा.
२. मूळ बाटलीत पट्टी बुडवू नका. थोडं द्रावण वेगळं काढा, किंवा काचकांडीने एक थेंब पट्टीवर ठेवा.
३. बुडवायचीच असेल तर क्षणभर बुडवा आणि जास्तीचं द्रावण झटका.
४. डब्यावर लिहिलेल्या वेळेतच रंग जुळवा. उशीर झाला तर पट्टी वाळते, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते आणि रंग सरकतो.
५. दिवसाच्या उजेडात बघा. पिवळ्या दिव्याखाली पिवळा आणि फिका नारिंगी यांतला फरक पुसला जातो.

वायूची परीक्षा करायची असेल तर कागद आधी शुद्ध पाण्याने ओला करा. कोरड्या लिटमसला अमोनिया दिसत नाही, कारण रंग बदलायला अमोनिया आधी पाण्यात विरघळावा लागतो.

पट्ट्यांचे डबे आम्लाच्या किंवा अमोनियाच्या बाटल्यांशेजारी ठेवू नका. बंद डब्यातही वाफा शिरतात आणि पट्टी वापरण्याआधीच बिघडलेली असते.

दुसरी पायरी: दोन दर्शकांच्या मध्ये सामू पकडणं

मला ही पद्धत पट्टीपेक्षा जास्त आवडते, कारण इथे प्रत्येक रंगामागचं कारण आपल्याला कळत असतं. द्रावणाचे ५-५ मिलीचे तीन-चार भाग वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत घ्या आणि प्रत्येकात एकाच दर्शकाचा एखादा थेंब टाका.

समजा, मिथिल ऑरेंज पिवळं झालं. सामू ४.४ च्या वर आहे. ब्रोमोथायमॉल ब्लूही पिवळाच राहिला, म्हणजे सामू ६.० च्या खाली. दोनच थेंबांत आपण साधारण दीड एककाच्या टप्प्यात आलो. आता त्या जागेच्या मध्ये कोणता दर्शक बदलतो ते यादीत पाहा. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन टाकलं आणि ते पूर्ण निळं दिसलं, तर सामू ५.४ च्या वर. उत्तर ५.४ ते ६.० यांमध्ये आलं. पडताळा म्हणून मिथिल रेड टाका: ते पिवळ्याकडे झुकलेलं नारिंगी दिसायला हवं. शुद्ध लाल दिसलं तर कुठेतरी चूक आहे, बहुतेक वेळा नळी नीट धुतलेली नसते.

याहून बारीक जायचं असेल तर तुलनेसाठी सामू माहीत असलेली आणि तो टिकवून धरणारी द्रावणं लागतात, ज्यांना बफर म्हणतात. सामू ४, ७ आणि १० चे बफर तयार मिळतात. दोन स्वतःही बनवता येतात. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट १०.२ ग्रॅम घेऊन १ लिटर द्रावण केलं की २५ अंशांना सामू ४.०० मिळतो. बोरॅक्स ३.८१ ग्रॅम १ लिटरमध्ये घेतलं की ९.१८. पाणी उकळून गार केलेलं शुद्ध पाणी असावं. या द्रावणांत तोच दर्शक, तेवढेच थेंब, तेवढ्याच आकारमानात टाकून तुमची नळी शेजारी धरा. आठवणीतल्या रंगाशी तुलना करणं आणि शेजारच्या नळीशी तुलना करणं यांत फार अंतर आहे.

दर्शक विकत न घेता सराव करायचा असेल तर लाल कोबी चिरून गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा आणि गाळा. त्यातलं अँथोसायनिन तीव्र आम्लात लाल, उदासीनजवळ जांभळं, थोडं वर निळं, मग हिरवं आणि अतितीव्र आम्लारीत पिवळं होतं. तो पिवळा रंग हे रंगद्रव्य तुटत असल्याचं लक्षण आहे, नंतर आम्ल घातलं तरी मूळ रंग पुरता परत येत नाही. अर्क दोन-चार दिवसांत खराब होतो, म्हणून लागेल तेवढाच करा.

फसवणारी द्रावणं

शुद्ध पाण्याचा सामू पट्टीवर ७ येत नाही म्हणून पट्टीला दोष देऊ नका. हवेला उघड्या राहिलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सामू ५.६ च्या आसपास उतरतो. शिवाय अशा पाण्यात सामू धरून ठेवणारं काहीच नसतं, त्यामुळे पट्टीवरचं रंगद्रव्यच त्याला ढकलतं. अगदी कमी क्षार असलेल्या पाण्यासाठी रंगाच्या पद्धती मुळातच कच्च्या आहेत.

विरंजक (ब्लीच) हा दुसरा मोठा फसवा. क्लोरीनयुक्त द्रावणात लिटमस आधी रंग बदलतो आणि मग पांढराच पडतो. हा पांढरेपणा सामूबद्दल काहीही सांगत नाही, रंगद्रव्य जळून गेलेलं असतं. सल्फर डायऑक्साइडही असंच करतो. १९३४ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ अरनॉल्ड बेकमन यांनी पीएच मीटर बनवला त्यामागे हीच अडचण होती: लिंबूरस टिकवण्यासाठी घातलेल्या सल्फर डायऑक्साइडमुळे दर्शकांचे रंग उडत होते आणि रसाची आम्लता मोजता येत नव्हती.

अतितीव्र आम्लारीत फिनॉल्फ्थॅलिनही दगा देतं. सामू १३ च्या वर त्याचा गुलाबी रंग हळूहळू उडतो. आधी गुलाबी झालेली नळी पाहता पाहता रंगहीन झाली, तर आम्ल समजू नका. द्रावण दहापट विरल करून पुन्हा पाहा, गुलाबी परत येतो.

प्रथिनं किंवा साबण असलेली द्रावणं आणि खूप क्षार असलेली द्रावणं दर्शकाचा पट्टाच थोडा सरकवतात. गडद रंगाच्या किंवा गढूळ द्रावणात रंग वाचता येत नाही. तिथे विरल करून पाहा, आणि तेही जमत नसेल तर मीटर वापरा. तेल किंवा शुद्ध अल्कोहोलमध्ये पट्टी बुडवून आलेल्या रंगाला सामू म्हणू नका. ही मोजपट्टी पाण्यातल्या द्रावणांसाठी आहे.

तिसरी पायरी: एकूण आम्ल मोजणं

आता अनुमापन. उदाहरणाला रंगहीन व्हिनेगर घेऊ, म्हणजे ॲसिटिक आम्लाचं पाण्यातलं द्रावण. ॲसिटिक आम्ल दुर्बल आणि सोडियम हायड्रॉक्साइड तीव्र, त्यामुळे आम्ल जिथे नेमकं संपतं तो तुल्यबिंदू ७ वर येत नाही, तर ८ ते ९ च्या दरम्यान. म्हणून इथे फिनॉल्फ्थॅलिनच हवं. मिथिल ऑरेंज वापरलं तर ते निम्मं आम्लही संपायच्या आत पिवळं होऊन बसेल. दुर्बल आम्लारी आणि तीव्र आम्ल अशी जोडी असेल तर उलट: तुल्यबिंदू ७ च्या खाली, दर्शक मिथिल रेड. दोन्ही तीव्र असतील तर सामू साधारण ४ पासून १० पर्यंत थेंबा-दोन थेंबांत उडी मारतो आणि बहुतेक कोणताही दर्शक चालतो. दोन्ही दुर्बल असतील तर अशी उडीच नसते, तिथे दर्शकाने अनुमापन करू नये.

सोडियम हायड्रॉक्साइड हवेतली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढून घेतं, त्यामुळे ४ ग्रॅम तोलून लिटरभर द्रावण केलं तरी ते नेमकं ०.१ मोलार असेल यावर विसंबू नका. कोरडं पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट ०.४०८४ ग्रॅम तोलून पाण्यात विरघळवा, फिनॉल्फ्थॅलिन टाका आणि त्याच्याशी अनुमापन करा. द्रावण बरोबर ०.१ मोलार असेल तर २०.० मिली लागेल. कमी-जास्त लागलं तर त्या प्रमाणात खरी संहती काढा आणि बाटलीवर लिहा.

१. व्हिनेगर १० मिली पिपेटने घेऊन १०० मिलीपर्यंत विरल करा.
२. त्यातलं २० मिली शंकूपात्रात घ्या, फिनॉल्फ्थॅलिनचे २ थेंब टाका, खाली पांढरा कागद ठेवा.
३. ब्युरेट आधी त्याच सोडियम हायड्रॉक्साइडने विसळा, मग भरा. टोकातला हवेचा बुडबुडा घालवा, नाहीतर तो बुडबुडाही मापात धरला जातो.
४. पात्र गोल फिरवत आम्लारी सोडा. गुलाबी ठिपका उमटून विरायला वेळ लागू लागला की थेंबाथेंबाने.
५. सगळं द्रावण अगदी फिकट गुलाबी झालं आणि तो रंग अर्धा मिनिट टिकला, की थांबा.

फिकट हा शब्द इथे शब्दशः घ्या. गडद गुलाबी म्हणजे आपण पुढे गेलो. काही मिनिटांनी रंग उडाला तरी आणखी थेंब टाकू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड आपलं काम करतोय. पहिलं अनुमापन अंदाजासाठी घाईने करा, नंतरची दोन सावकाश, आणि त्या दोन वाचनांत ०.१ मिलीहून जास्त फरक असेल तर आणखी एक.

समजा, १६.६ मिली लागलं. १६.६ गुणिले ०.१ म्हणजे १.६६ मिलिमोल आम्ल. पात्रातल्या २० मिली विरल द्रावणात मूळ व्हिनेगर २ मिली होतं. म्हणजे मूळ संहती ०.८३ मोलार. ॲसिटिक आम्लाचा रेणुभार ६० धरला तर लिटरला जवळपास ५० ग्रॅम, म्हणजे १०० मिलीत ५ ग्रॅम.

पाण्याची अल्कता: दोन दर्शक, दोन थांबे

पाण्याची अल्कता म्हणजे त्याचा सामू नव्हे, तर ते पाणी किती आम्ल सोसू शकतं ते. १०० मिली पाणी घ्या, फिनॉल्फ्थॅलिन टाका. गुलाबी झालं तर ०.०२ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल सोडत रंग जाईपर्यंत जा. हा थांबा साधारण सामू ८.३ ला येतो. वाचन लिहा, त्याच पात्रात मिथिल ऑरेंज टाका आणि पिवळ्याचं नारिंगी होईपर्यंत पुढे जा, म्हणजे सामू ४.५ च्या जवळ. या मापांत आम्लाचा प्रत्येक १ मिली म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम अल्कता, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात.

दोन वाचनांतून पाण्यात काय आहे तेही कळतं. पहिल्या थांब्यापर्यंत लागलेलं आम्ल एकूण आम्लाच्या बरोबर निम्मं असेल तर अल्कता कार्बोनेटची, निम्म्याहून कमी असेल तर कार्बोनेटसोबत बायकार्बोनेटही, आणि निम्म्याहून जास्त असेल तर हायड्रॉक्साइडही आहे. फिनॉल्फ्थॅलिन टाकल्यावर पाणी रंगहीनच राहिलं तर पहिलं वाचन शून्य लिहा आणि थेट मिथिल ऑरेंजकडे वळा: त्या पाण्याची सगळी अल्कता बायकार्बोनेटची आहे.